अण्णांना नोटीस

सकाळी पावणेदहाला अण्णांचा अंगठा कार्यालयात हजर असतो. बाकीचे अण्णा बाराच्या सुमारास येतात. मधल्या वेळात टेबलावर त्यांचा चष्मा असतो, वर पंखा गरगरत असतो आणि हालचाल नोंदवहीत ‘तहसील, शासकीय काम’ अशी सुबक नोंद असते. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा शासनाने रोजची वेळ पाऊण तासाने वाढवली. अण्णांनी शनिवार ठेवून घेतला, पाऊण तास शासनाला साभार परत केला.

मी त्यांचा साहेब. निदान हजेरीपटावर तरी.

आधी तोंडी समज द्यावी म्हणून केबिनमध्ये बोलावलं. “अण्णा, जरा वेळेचं बघा.” “अगदी खरं साहेब,” ते खुर्ची ओढत म्हणाले, “मी रोज हेच सांगतो सगळ्यांना. वेळेची कुणाला किंमतच उरली नाही.” मग त्यांनी चहा सांगितला. पैसे मी दिले.

माझ्या आधीच्या एकाही साहेबाने त्यांच्या वार्षिक कामगिरीच्या अहवालात वाकडा शब्द लिहिलेला नाही. सगळीकडे ‘उत्कृष्ट’. आमच्यात एखाद्याला ‘साधारण’ लिहिणं म्हणजे आपणच पत्रव्यवहाराला बसणं. “शेरा कळवावा लागतो बरं का साहेब,” अण्णांनीच आठवण करून दिली, “२००८ चा देवदत्त निकाल आहे, सर्वोच्च न्यायालयाचा.” पेन्शनच्या ज्या फायलीवर त्यांनी मनीप्लांटची बाटली ठेवली आहे, तिच्यातलं एक पान त्यांना सांगता येत नाही. निकाल मात्र सालासकट पाठ.

शेवटी कारणे दाखवा नोटीस काढायचं ठरवलं. मसुदा घरी बसून स्वतः केला, कारण कार्यालयात धड मसुदा येतो तो एकट्या अण्णांना. सही करून जावकला पाठवला. जावक टेबल कुणाकडे? अण्णांकडे. (आवकही.)

अर्ध्या तासात ते नोटीस घेऊन केबिनमध्ये. ठिकठिकाणी लाल पेन्सिल.

“साहेब, १९७९ च्या शिस्त व अपील नियमांतला नियम ८ टाकलाय तुम्ही. ती मोठ्या शिक्षेची वाट. दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, सादरकर्ता अधिकारी, साक्षीदार... तुमची बदली होईल, चौकशी चालूच राहील. नियम १० घ्या. ठपका ठेवा, फार तर वेतनवाढ रोखा. आटोपशीर होतं.” आणि जरा आवाज खाली आणून, “‘बेजबाबदार’मधला ‘बे’ दीर्घ वेलांटीने टंकलाय, ‘बी’ झालाय. वरती गेलं तर बरं दिसत नाही.”

स्वतःविरुद्धचा इतका निर्दोष मसुदा दुसऱ्या कुणी करून दिला नसता. मी दुरुस्त्या मान्य केल्या, आभारसुद्धा मानले. दुसऱ्या दिवसापासून अण्णा किरकोळ रजेवर, नोटीस जावकच्या ट्रेमध्ये.

ते परतले त्या दिवशी टपालात सगळ्यात वर त्यांचा खुलासा होता. पाच पानी, मुद्देसूद, सोबत तहसीलच्या पोचा. आवकचा शिक्का मात्र रजेवर जाण्याआधीचा. नोटिशीला अजून जावक क्रमांकच पडलेला नव्हता.