रिकाम्या गाडीचाही टोल भरा, वर शहाणपण ऐका

ट्रकचा टोल वाढवला की माल म्हणे आपोआप रेल्वेकडे वळतो. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा बेळगावहून म्हापशाला कोथिंबीर आणायला लावा! लोंढा, कॅसलरॉक, कुळे करत रेल्वे उतरणार मडगावला. त्या घाटात चढ-उतार ३७ला १, म्हणजे ३७ मीटरमागे १ मीटर, मालगाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. मडगावात उतरवल्यावर परत टेंपो, परत हमाली. म्हापशाच्या बाजारात पोचेल तोवर कोथिंबिरीचं गवत झालेलं असेल.

कोकण रेल्वेची रो-रो आहे, म्हणजे अख्खा ट्रकच रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेतात, मान्य. १९९९पासून भरलेले ट्रक वेर्ण्याहून कोलाडला जातात, सुरतकललाही जातात. चांगलीच सोय आहे. पण मुंबईकडचा किंवा मंगळूरकडचा माल असेल तर! गोव्याची भाजी येते घाटावरून, बेळगावकडून. आम्ही गाडीवाल्यांनी काय कोलाडमार्गे बेळगावला जायचं?

म्हणजे गाडीशिवाय पर्याय नाही. निवडायचा तो फक्त घाट, अनमोड किंवा चोर्ला. अनमोडनं या तर टोल. चोर्ल्यानं या तर टोल नाही, पण रस्ता असा की वाचलेले पैसे टायर आणि स्प्रिंगच्या पाट्यांत जातात, आणि अधूनमधून जड वाहनांना बंदी. तरी लोक चोर्ल्यानंच घुसतात. मग त्या वाटेवरच्या केरी-साखळीची माणसं ट्रकवाल्यांच्या नावानं बोटं मोडतात. मोडणारच हो, त्यांच्या दारातून दहाचाकी जाते. पण ती तिथं कोणी ढकलली?

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते परतीला. टोल लागतो गाडीच्या वर्गावर, आत काय आहे त्यावर नाही. गोव्यात भाजी येते, अंडी येतात, सिमेंट येतं. गोव्यातून परत न्यायला आमच्यासारख्या छोट्या गाडीवाल्याला काय मिळतं? शहाळ्याची पाणी काढलेली करवंटी! रिटर्न भाडं मिळालं तर नशीब, नाहीतर रिकामी गाडी घाट चढते आणि नाक्यावर भरलेल्या गाडीइतकेच पैसे कापून घेते. चोवीस तासांत परत आलात तर दोन्ही फेऱ्या मिळून एका फेरीच्या दीडपट, अशी सवलत आहे कागदावर. पण इथं माल उतरायला रांग, घाटात एखादा ट्रक बंद पडलेला, ड्रायव्हरला झोप नको का? चोवीस तास कधीच उलटून जातात.

नाका ज्या जिल्ह्यात, तिथल्या मालगाड्यांना निम्मा टोल. त्यातही नॅशनल परमिट, म्हणजे देशभर माल न्यायचा परवाना, असेल तर नाही. आमची नंबरपाटी गोव्याची, नाका पलीकडे कर्नाटकात. विषय संपला. आणि १५ ऑगस्ट २०२५ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला, तो कुणाला? खासगी कारला. पोटासाठी रस्त्यावर असणाऱ्याला नाही, बीचवर येणाऱ्याला आहे. २००८च्या नियमांत मूळ दरच कारला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि ट्रकला २ रुपये २० पैसे. ट्रक रस्ता जास्त झिजवतो, कबूल. पण डिझेलवरचा रस्त्याचा सेस आम्ही लिटरमागे भरतोच की! फास्टॅग चालला नाही तर जादा पैसे, ते वेगळंच.

दर १ एप्रिलला टोल वाढतो. ३ टक्के ठरलेले, वर घाऊक महागाईच्या वाढीतला ४० टक्के वाटा. कुणाच्या पाया पडावं लागत नाही. माझं भाडं वाढवायचं तर बाजारातल्या प्रत्येक शेटपुढे हात जोडा, आणि शेट म्हणणार, "अरे बाबा, गेल्या वर्षीचाच दर लाव, धंदा नाही." धंदा नाही म्हणणाऱ्याचा टोमॅटो मात्र त्याच दिवशी महाग!

स्वित्झर्लंडचा दाखला देतात शिकलेले लोक. तिथं २००१पासून ट्रकवर किलोमीटरप्रमाणे आकार आहे, बरोबर. पण त्यातला दोन तृतीयांश पैसा तिथल्या केंद्राकडे जातो आणि त्यातून मुख्यतः रेल्वेची कामं होतात. त्या पैशातून मालाला रूळ दिले, बोगदे खणले. आमच्याकडे रुळाचा पत्ता नाही, नुसती पावती.

रिकाम्या परतीला निम्मा टोल घ्या. चोवीस तासांची अट मालगाडीला अठ्ठेचाळीस तासांची करा. वार्षिक पास ट्रकलाही द्या, पाहिजे तर चौपट पैसे घ्या, आम्ही भरू. यातलं एकही होणार नसेल तर निदान "टोल वाढला तरच तुम्ही सुधाराल" हे तरी तोंडावर सांगू नका.