खाणी सोलरनं बंद पाडल्या म्हणे!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की सोलर अन् पर्यावरणवाल्यांच्या नादात चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणी बंद पडल्या, पोरं घरी बसली, पर्मनंटवाल्यांचं काही बिघडलं नाही कारण त्यांना बदली मिळते, आणि खाणी परत चालू केल्या की नोकऱ्याही परत येतील.

आधी सोलरचं बघू. २०२४-२५ मध्ये देशात १०० कोटी टनांच्या वर कोळसा निघाला, एवढा आधी कधीच निघाला नव्हता, मग कोळसा नकोय कोणाला? एकट्या कोल इंडियाचं बघा, २००४-०५ ला ३२ कोटी टन आणि माणसं साडेचार लाखांच्या आसपास, २०२४-२५ ला ७८ कोटी टन आणि माणसं सव्वादोन लाखांच्या आसपास. ही कामं शॉवेल-डंपरसारख्या मोठ्या मशिनींनी खाल्ली राव. चंद्रपूरच्या महाकाली, रयतवारीसारख्या जुन्या अंडरग्राउंड खाणींत ड्रिलर, लोडर, ट्रॅमर, पंपवाला, लॅम्परूमवाला, छताला सपोर्ट लावायची गँग वेगळी, एका पाळीला माणसंच माणसं लागायची, म्हणून टनामागे खर्च जास्त आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोल इंडियाची इथली कंपनी) हिशोबात अशा खाणी तोट्याच्या. ओपनकास्टला, म्हणजे वरून खोदलेल्या उघड्या खाणीत, तोच कोळसा थोडे ऑपरेटर काढतात, वरची माती काढायचं काम तर बहुतेक ठेकेदाराकडेच.

बदलीचं अर्धं खरंय. पर्मनंट माणूस दुसऱ्या खाणीत जातो, पगार चालू राहतो, पण तो ६० चा होऊन रिटायर झाला की त्याची जागा बऱ्याचदा भरतच नाहीत, त्यामुळे कागदावर कोणालाच काढलेलं नसतं अन् नोकरी मात्र गेलेली असते. ठेकेदारी पोरांना कुठली आलीय बदली? ठेकेदारी कामगारांच्या मजुरीसाठी हाय पॉवर कमिटीचा रेट ठरलेला असतो, हातात किती पडतो ते त्यांनाच विचारा, आणि काम संपलं की गेटपास जमा. कॉलनीतले क्वार्टर रिकामे झाले की किराणावाला, गेटवरचा चहावाला, शाळेचा ऑटोवाला यांचा धंदाही बसतो, तो मोजतंय कोण.

राहिलं परत चालू करायचं. बंद पडलेल्या अंडरग्राउंड खाणी कोल इंडिया आता महसुलातल्या वाट्यावर खासगी कंपन्यांना देतेय, म्हणजे खाण चालू झाली तरी भरती ती कंपनी करणार, वेकोलिचा पगार अन् क्वार्टर विसरा. नवीन ओपनकास्टला दोन एकराला एक नोकरी मिळते, पण ती जमीन गेलेल्याला, आणि बाकीच्यांना परत तोच ठेकेदार. फॉरवर्ड करणाऱ्यांनी सोलरला शिव्या घालण्याआधी आपल्या युनियनवाल्यांना विचारावं, रिटायर झालेल्यांच्या जागांचं काय झालं म्हणून.