त्या काचेच्या खोलीत आत कोण जातं?

माझा एक जुना मित्र स्वतःचं बार-रेस्टॉरंट काढतोय. जागा ठरली, कर्ज मंजूर झालं आणि गेल्या आठवड्यात तो नकाशा घेऊन माझ्याकडे आला. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक चौकोन आखला होता. म्हणाला, "इथे स्मोकिंग रूम करावी म्हणतोय, काचेची. तू एवढी वर्षं या धंद्यात काढलीस, तूच सांग. नाही केली तर सिगारेट पिणारं गिऱ्हाईक तुटेल ना?"

मी तिथल्या तिथे "करू नकोस" म्हणालो, पण का करू नये ते मला धड सांगता आलं नाही. बोलता बोलता घसाच दाटून आला. तो बिचारा गोंधळून निघून गेला. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतोय. त्याच्यासाठी तर आहेच, पण हा प्रश्न पडलेले मालक बरेच असतील, त्यांनीही वाचावं.

मी ११ वर्षं बारमध्ये काम केलं. आधी वेटर, मग काउंटरवर, शेवटी कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख. स्वतः एकही सिगारेट ओढली नाही. सुरुवातीच्या दिवसांत सगळ्या हॉलमध्ये सिगारेट चालायची, आणि नवीन पोराला पहिल्याच दिवशी ॲशट्रे उचलायला शिकवायचे. भरलेला ॲशट्रे नुसता उचलायचा नाही, वाऱ्यानं राख उडून कुणाच्या ताटात जाते. स्वच्छ ॲशट्रे त्याच्यावर झाकणासारखा ठेवायचा, दोन्ही एकदम उचलायचे, भरलेला ट्रेमध्ये घ्यायचा आणि स्वच्छ परत टेबलावर. हे करताना तुम्ही वाकलेले असता. अर्धवट विझलेल्या थोटकातून धूर वर येत असतो, नेमका तिथेच तुमचा चेहरा. ओढणाऱ्याच्या तोंडात जातो तो धूर निदान फिल्टरमधून तरी जातो. जळत्या टोकाचा धूर कशातूनच जात नाही, आणि दुसऱ्यांच्या नाकात जाणाऱ्या धुरात मोठा वाटा त्याचाच असतो. गर्दीच्या रात्री मी शंभराच्या वर ॲशट्रे उचलले असतील.

आठवड्यातून एकदा काउंटरच्या मागचा आरसा आणि फळीवरच्या बाटल्या पुसायच्या. फडकं पहिल्याच हाताला पिवळं-तपकिरी व्हायचं. एसीची जाळी धुतली की बादलीतल्या पाण्यावर चिकट तवंग. ती बादली ओतताना माझा हात थबकायचा.

सिगारेटबंदीवर वाद सुरू झाला की दोनच माणसं बोलताना दिसतात. एक ओढणारा, तो हक्काचं बोलतो. दुसरा मालक, तो गल्ल्याचं बोलतो. गिऱ्हाईक दोन तास बसतं आणि जातं. मालक बऱ्याचदा केबिनमध्ये असतो. जो त्या हवेत रोज दहा तास, आठवड्याचे सहा दिवस उभा असतो, त्याला कुणी विचारत नाही. माझं सगळं म्हणणं या एका माणसापाशी येऊन थांबतं.

कॅनडात हेदर क्रो नावाची एक वेट्रेस होती. चाळीस वर्षं तिनं रेस्टॉरंटमध्ये वाढण्याचं काम केलं. आयुष्यात कधी सिगारेटला हात लावला नाही. २००२ मध्ये तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. कामाच्या जागेवरच्या धुरामुळे झालेला आजार म्हणून तिनं नुकसानभरपाई मागितली आणि ती तिला मिळाली. मग उपचार सुरू असताना ही बाई देशभर फिरली, टीव्हीवरच्या सरकारी जाहिरातीत आली, लोकांना सांगत राहिली की माझ्यासारखी शेवटची मीच असू दे. २२ मे २००६ ला ती गेली. तिच्या ऑन्टारिओ प्रांतात बंद जागेतल्या धूम्रपानावर संपूर्ण बंदी आली ३१ मे २००६ ला. नऊ दिवस! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोन बाजूला ठेवून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

इंग्लंडमध्ये रॉय कॅसल होता, लोकांचा लाडका कलाकार, ट्रम्पेट वाजवायचा. धुरानं भरलेल्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षं वाजवलं. स्वतः सिगारेट ओढत नव्हता. १९९४ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. ट्रम्पेट वाजवायला छाती भरून श्वास घ्यावा लागतो, हे मुद्दाम सांगायला नको.

आता गल्ल्याकडे येतो. मित्राची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही.

कॅलिफोर्नियानं १९९८ च्या १ जानेवारीपासून बारमध्ये सिगारेट बंद केली. न्यूयॉर्क शहरानं २००३ च्या मार्चमध्ये केली, महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात. २९ मार्च २००४ ला आयर्लंडनं सगळ्या बंद कामाच्या जागी बंदी आणली, पबसकट. असं करणारा जगातला तो पहिला देश. पब म्हणजे तिथल्या माणसाचं दुसरं घर, त्यामुळे काय ओरड झाली असेल ती कल्पना करा. आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन मागे हटले नाहीत, आणि मला त्यांची एक गोष्ट फार मोलाची वाटते: तो कायदा गिऱ्हाइकाला शिस्त लावायला आणला नव्हता, कामगाराची हवा स्वच्छ ठेवायला आणला होता. पबमध्ये काम करणारा माणूसही कामगारच, कारखान्यातल्याला जे संरक्षण ते त्यालाही. वाद एकदा तिथे नेऊन ठेवला की ओढणाऱ्याच्या हक्काचा मुद्दा आपोआप छोटा होतो. बाहेर जाऊन ओढायला त्याला कुणी अडवलेलं नाही.

धंदा बसला का? न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्षाच्या अहवालात बार आणि रेस्टॉरंटांकडून आलेला कर ८.७ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. याचं सगळं श्रेय मी बंदीला देणार नाही, २००१ च्या हल्ल्यानंतर ते शहर तसंही सावरत होतं. पण जे बुडणार म्हणत होते ते बुडले नाहीत, एवढं तर दिसतंच. २००३ मध्ये काही संशोधकांनी या विषयावरचे ९७ अभ्यास एकत्र ठेवून तपासले. ज्यांनी विक्रीकर, रोजगार अशा खऱ्या आकड्यांवर नीट काम केलं होतं, त्यांना नुकसान दिसलं नाही. आणि नुकसान होतं असं सांगणारे जे अभ्यास होते, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळालेला होता. बऱ्याच ठिकाणी तर मालकांना नुसतं विचारलं होतं, "तुमचा धंदा कमी होईल असं वाटतं का?" घाबरलेला माणूस हो म्हणणारच.

ही भीती मालकांच्या मनात आपसूक उगवली नव्हती. अमेरिकेत पुढे कोर्टकज्ज्यांमुळे तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. हॉटेल आणि रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनांना हाताशी धरायचं, ओढणारे आणि न ओढणारे दोघांची सोय करू म्हणायचं, बंदीऐवजी हवा खेळती ठेवायची यंत्रं बसवा म्हणायचं, हे सगळं ठरवून चाललेलं होतं. मालकांना वाटलं हे लोक आपली बाजू मांडतायत. मला त्या मालकांचा राग येत नाही, त्यांना वापरून घेतलं गेलं.

तरीही एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ ला बंदी आली आणि पुढच्या वर्षांत कितीतरी पब बंद पडले. सगळा दोष बंदीच्या माथी मारणं चूक आहे. पबमधली बिअरची विक्री त्याआधी कित्येक वर्षं घसरतच होती, सुपरमार्केटमध्ये स्वस्त दारू मिळत होती आणि २००८ ची मंदी तोंडावर होती. पण एका खोलीचा छोटा पब, जिथे खायला काही मिळत नाही, अंगण नाही, रोजची तीच पंधरावीस माणसं येऊन बसतात आणि त्यातली बहुतेक ओढणारी, अशा मालकाला फटका बसलाच. त्याला "आकडे बघ" म्हणून चालत नाही. त्याचं सरासरीत काही दिसत नसतं.

आणि नेमका हाच छोटा मालक अर्ध्या कायद्यात सगळ्यात जास्त भरडला जातो. जर्मनीत काही राज्यांनी बंदी आणली, पण मोठ्या जागांना वेगळी स्मोकिंग रूम करायची सूट ठेवली. ज्याच्याकडे एकच खोली, तो वेगळी खोली कुठून आणणार? त्याची माणसं उठून मोठ्या जागी जायला लागली. छोटे मालक घटनात्मक न्यायालयात गेले आणि जुलै २००८ मध्ये न्यायालयानं त्यांची बाजू धरली. पण निकालातला दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: सगळ्यांना सारखी, कसलीही सूट नसलेली बंदी सरकार आणू शकतं. बव्हेरिया या जर्मन राज्यात लोकांनी पुढे तेच केलं. ४ जुलै २०१० च्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी संपूर्ण बंदीच्या बाजूनं मत दिलं.

स्पेनची गोष्ट तर मित्रानं दोनदा वाचावी. तिथे २००६ मध्ये कायदा आला तेव्हा १०० चौरस मीटरपेक्षा लहान जागांनी आपलं आपण ठरवायचं होतं. बहुतेकांनी सिगारेट चालू ठेवली. मोठ्या जागांना भिंती घालून वेगळे भाग करायची परवानगी होती, कितीतरी जणांनी खर्च करून ते केले. २ जानेवारी २०११ पासून सरसकट बंदी आली आणि त्या भिंतींवरचा पैसा पाण्यात गेला. आज तू काच लावशील मित्रा, पण कायदा कुठल्या दिशेनं चाललाय ते बघ.

जपाननं २०२० मध्ये बंदी आणली, तीही अर्धीच, छोट्या जुन्या जागांना सूट देऊन. पण त्या कायद्यात एक कलम आहे: जिथे सिगारेट चालते त्या भागात २० वर्षांखालच्या कुणालाही जाता येत नाही, तिथे काम करणारा असला तरी. म्हणजे त्या हवेत काम करणं धोक्याचं आहे हे कायद्यालाही मान्य आहे. मग विसाव्या वाढदिवशी फुप्फुसात असा काय बदल होतो?

काच, दार, एक्झॉस्ट फॅन यांनी भागत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्याच्या धुराचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, आणि वेगळी बसण्याची जागा किंवा हवा गाळणारी यंत्रं यांनी इमारतीतल्या न ओढणाऱ्यांचा बचाव होत नाही. हवा खेळवण्याचं ज्यांचं शास्त्र, त्या इंजिनिअरांच्या संघटनेचंही हेच मत आहे.

उलट बंदी आल्यावर काय होतं तेही मोजलंय. डब्लिनच्या ४२ पबमध्ये हवेतले बारीक कण ८३ टक्क्यांनी उतरले. सॅन फ्रान्सिस्कोत ५३ बारटेंडरांना बंदीच्या आधी आणि नंतर तपासलं. आधी ३९ जणांना खोकला, कफ, छातीत घरघर असं काही ना काही होतं. काही आठवड्यांत त्यातल्या २३ जणांचा त्रास पूर्ण गेला. काही आठवड्यांत! स्कॉटलंडमध्ये बंदीनंतर नऊ हॉस्पिटलांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं भरती होणारे १७ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्या फरकात न ओढणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

आता मित्राला त्या दिवशी जे सांगता आलं नाही ते.

मी शेवटची नोकरी केली त्या बारमध्ये अशीच काचेची खोली होती. आठ जणांची. मालकानं हौसेनं बांधली होती, फॅनही चांगला मोठा बसवला होता. कागदावर सगळं ठीक होतं. पण आतल्या माणसाला ग्लास लागतो, बर्फ लागतो, बिल लागतं, ॲशट्रे बदलून लागतो. कुणीतरी आत जायला लागतंच. प्रत्येक वेळी दार उघडलं की माणसाच्या मागोमाग धूर हॉलमध्ये यायचा. आधी जो धूर अख्ख्या हॉलमध्ये पसरायचा तो आता आठ खुर्च्यांच्या खोलीत कोंडलेला, आणि त्यात दर पाच-दहा मिनिटांनी एक वेटर. कुणालाच तिथे जायचं नसायचं. म्हणून पाळी लावली. कॅप्टन मी होतो, पाळी मीच लावायचो.

एक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा. एका संध्याकाळी शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, "दादा, आज माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवशील आत? परवापासून छाती भरलीये." शनिवार होता, दोन माणसं आलेली नव्हती. मी म्हणालो, "आजचा दिवस काढ, उद्या बघतो." त्यानं काढला. प्रत्येक वेळी दाराबाहेर थांबून, एक मोठा श्वास घेऊन, तो कोंडून आत जायचा. काचेतून दिसायचं मला. बाहेर आला की भिंतीला हात टेकून खोकायचा, मग चेहरा सरळ करून पुढच्या टेबलाकडे. महिन्याभरात त्यानं नोकरी सोडली. कुठे गेला, कसा आहे, मला माहीत नाही. त्याचा नंबर बदलला. त्या शनिवारी मी स्वतः आत जाऊ शकलो असतो.

म्हणून, मित्रा, ती खोली करू नकोस. ओढणाऱ्यांसाठी बाहेर, दारापासून आणि खिडक्यांपासून लांब, डोक्यावर नुसतं छप्पर असलेली उघडी जागा कर. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होणार नाही अशी बघ, कारण रात्री तो होतो. तिथे टेबलसेवा देऊ नकोस, माणसं ओढून परत आत येतील. पहिले काही आठवडे दोन-चार जण कुरकुर करतील, त्यातला एखादा येणं बंदही करेल. ते गृहीत धर.

आणि तो पेन्सिलीचा चौकोन खोडू नकोस. तिथे स्टाफसाठी एक बाक, एक टेबल आणि एक खिडकी काढ. ११ वर्षांत मी ज्या ज्या बारमध्ये काम केलं, त्यातल्या एकाही ठिकाणी आम्हाला बसून जेवायला जागा नव्हती.