आयर्लंडचे किल्ले कोणाचे?

"आयर्लंडमधील सगळे मध्ययुगीन किल्ले इंग्रजांनी स्थानिकांना दडपण्यासाठी बांधले; शत्रूचा तलवारीचा हात अडावा म्हणून त्यांचे जिने उजवीकडे वळतात आणि दारावरच्या भोकातून उकळते तेल ओतले जाई," असा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. त्यात थोडे खरे आहे, म्हणूनच तो खपतो.

११६९ नंतर आलेल्या अँग्लो-नॉर्मन, म्हणजे इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या नॉर्मन वंशाच्या, सरदारांनी ट्रिम, कॅरिकफर्गस यांसारखे बलाढ्य दगडी किल्ले उभारले, हे निर्विवाद आहे. मात्र पश्चिम आयर्लंडातल्या कॉनॉट प्रांताच्या लोकांनी तीन किल्ले बांधल्याची नोंद आयरिश बखरींत ११२४ सालीच येते. शिवाय आज त्या देशात पावलोपावली दिसणारा किल्ला हा बहुधा पंधराव्या-सोळाव्या शतकातला, चार-पाच मजल्यांचा चौकोनी मनोरा असतो. त्याला मराठीत गढीच म्हणावे लागेल. १४२९ मध्ये डब्लिनभोवतीच्या, इंग्रजी अमलाखालच्या चार परगण्यांत असा मनोरा बांधणाऱ्यास दहा पौंडांचे अनुदान जाहीर झाले आणि त्यासाठी २० फूट लांबी, १६ फूट रुंदी व ४० फूट उंची अशी मापेही ठरली. परंतु या गढ्यांची खरी दाटी आहे ती त्या परगण्यांबाहेर, लिमरिक, टिपररी, गॉलवे, क्लेअर या भागांत. ब्लार्नी मॅकार्थींची, बनरॅटी मॅकनमारांची. दोन्ही घराणी गेलिक, म्हणजे मूळची आयरिश.

या गढ्यांच्या खालच्या मजल्यावर उभे राहून कमानदार छताकडे पाहिले, तर चुन्यात विणलेल्या कामट्यांचे ठसे स्पष्ट दिसतात. लाकडी साच्यावर कामट्यांचे तट्टे अंथरून त्यावर चुना व दगड रचत आणि साचा उतरवल्यावर ती वीण छताला कायमची उमटून राही. क्वचित कामटीचा तुकडाही अजून अडकलेला आढळतो. मालक गेलिक असो वा इंग्रजी वंशाचा, गवंड्याचा हात हाच.

जिन्याची कथा मध्ययुगीन नव्हेच. ती रूढ झाली इंग्रज लेखक थिओडोर कुक यांच्या १९०२ सालच्या लेखनापासून. समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही आणि डावीकडे वळणारे जिनेही आहेत. शत्रू जिन्यापर्यंत पोहोचला, तर गढी जवळपास गेलीच म्हणायची.

देवडीच्या छतातले भोक मात्र खरे. पण ज्या देशात ऑलिव्ह पिकत नाही, तिथे महागामोलाचे तेल कोण ओतणार? डोक्यात घालायला दगड आणि दाराला लावलेली आग विझवायला पाणी, एवढ्यावर काम भागत असे.