आर्किटेक्ट लागत नाही, असं कोर्टाने म्हटलेलं नाही

कोल्हापुरात फुलेवाडी-कळंब्याकडे घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘सुप्रीम कोर्टाचा निकाल, घराचा नकाशा आता कुणीही काढावा.’ यातलं अर्धंच खरं आहे.

निकाल मार्च २०२० चा, नोएडातल्या एका सरकारी पदाच्या नावावरून निघालेल्या वादातला. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याचं कलम ३७ ‘आर्किटेक्ट’ हे नाव राखून ठेवतं, आराखडा करण्याचं काम नव्हे, असं कोर्टाने सांगितलं. आर्किटेक्टची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नसलेल्याने ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावायची नाही, हे कायमच आहे.

पण महापालिकेची परवानगी मिळते राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार. तिथे अर्जाला आर्किटेक्टची किंवा परवानाधारक तांत्रिक व्यक्तीची सही लागतेच. मेसेजमधून नेमकं हेच गळालंय, आणि मला तेच धोक्याचं वाटतं. २०१९ ला पंचगंगेचं पाणी कुठवर चढलं ते आपण पाहिलंय. पाया किती खोल, जोतं किती उंच, हे गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. नकाशा करणाऱ्याचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक पैसे देण्याआधी मागून घ्या.