‘छताची पॅनलं मागे नुसती टाका, काही होत नाही’? होतं!

पाऊस सरून दिवाळी आली की जीपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय: जीपच्या रँग्लर गाडीच्या छताची पुढची दोन सुटी होणारी पॅनलं काढल्यावर ती ठेवायच्या खास पिशवीच्या भानगडीत पडू नका, तो पैसे काढायचा धंदा आहे. पॅनलं हलकी असतात. मागच्या सीटवर नाहीतर डिकीत आडवी टाका, फार तर रबरी दोरी लावा. जागा नसेल तर वर कॅरिअरला बांधा. ऐंशीच्या आत चालवलं की काही होत नाही.

मी रँग्लर वापरतो. थंडीत छत उघडून ताम्हिणीतून कोकणात उतरण्यासारखं सुख नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. म्हणूनच हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

‘पॅनलं हलकी असतात.’ उचलताना वाटतात खरी. एकेक साधारण आठ-दहा किलोचं. पण गाडी पळत असताना नुसतं वजन बघून भागत नाही. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी समोर आदळली की साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबते. सुटं पॅनल थांबत नाही, ते त्याच 50 च्या वेगाने पुढे निघतं. हा वेग म्हणजे जवळपास दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली वस्तू जमिनीवर आदळते तो वेग. 80 ला तीच उंची 25 मीटर होते. ‘ऐंशीच्या आत’ या सल्ल्यात किती दम आहे ते इथेच कळतं.

आणि यासाठी अपघातच व्हायला हवा असंही नाही. मागच्या हिवाळ्यात मित्राच्या गाडीत पॅनलं मागच्या सीटवर आडवी ठेवली होती, शेजारी त्याचा भाचा बसला होता. वळण घेताच समोर म्हैस. चाळिशीचाही वेग नसेल. त्याने करकचून ब्रेक मारला आणि वरचं पॅनल खालच्यावरून सरकन निसटून पुढच्या दोन सीटच्या मधल्या खणावर आपटलं. कोपरा जिथे बसला तिथे प्लास्टिकला बोटभर खाच पडली. काही क्षणांपूर्वी पोरगा तिथेच हनुवटी टेकवून पुढचा रस्ता बघत होता. ती खाच मी हात लावून पाहिली आहे. सीटवर पॅनल आणि शेजारी मूल, हे कधीही करू नका, कितीही जवळ जायचं असलं तरी.

‘रबरी दोरी पुरते.’ गाडी पार्किंगमध्ये उभी असेल तोवर पुरते. वर सांगितलेल्या धडकेत दहा किलोचं पॅनल सरासरी 140 किलोच्या ओढीने पुढे जायला बघतं. रबराचं कामच ताणलं जाणं, तेव्हा दोरी तुटली नाही तरी पॅनलला पुढे यायला वाट देते. हवा तो न ताणला जाणारा, रॅचेटने (दात्यांच्या खटक्याने) आवळता येणारा पट्टा, आणि तो डिकीतल्या सामान बांधायच्या कड्यांतच अडकवलेला. हेडरेस्टच्या दांडीला नाही.

‘पिशवी म्हणजे पैसे काढायचा धंदा.’ यात थोडं तथ्य आहे. नुसतं कापड काही अडवत नाही, आणि महागडी पिशवी घेतलीच पाहिजे असंही नाही. पण पिशवीमागचा विचार मेसेजवाल्यांच्या ध्यानात आलेला नाही. तिच्यात पॅनलं उभी राहतात, मध्ये गादीचा पडदा असतो, आणि पट्ट्यांनी ती मागच्या सीटच्या पाठीला चिकटून बसतात. पुढे मोकळी जागाच नाही, म्हणून वेगाने येऊन आपटायला वावच उरत नाही. भार सीटच्या पूर्ण पाठीवर पसरतो. आडव्या टाकलेल्या पॅनलचा भार एका कडेवर येतो. पिशवी नसेल तर दोन पॅनलांमध्ये जुनी गोधडी घाला, सीटच्या पाठीला भिडवून उभी करा आणि दोन पट्टे आवळा. पॅनलांच्या कडेच्या रबरी पट्ट्याही मग चेपत नाहीत. त्या चेपल्या की पुढच्या जूनमध्ये मांडीवर पाणी ठिबकतं. छत काढता येणाऱ्या गाड्यांना ही सोय लागते हे कारखान्यांना केव्हाच कळलंय: 1969 साली आलेल्या पोर्श 914 मध्येही काढलेलं छत मागच्या डिकीत अडकवायची जागा होती.

‘वर कॅरिअरला बांधा.’ हा सगळ्यात वाईट सल्ला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी 80 ला तो चौरस मीटरला सुमारे 30 किलो, आणि पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर 100 ला 47 किलोच्या आसपास. पॅनल सपाट आणि पसरट. त्याची पुढची कड जरा वर उचलली गेली, की त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा वाऱ्याचा जोर जास्त होऊ शकतो. मग सगळं दोरीवर. ती सुटली तर पॅनल तुमच्यावर पडत नाही, मागच्या दुचाकीवाल्यावर पडतं. त्याने तर छत उघडायची मजाही घेतलेली नसते.

मी काय करतो? डिसेंबर-जानेवारीत पॅनलं घरीच ठेवतो. आपल्याकडे तेव्हा पाऊस क्वचित, मग ती गाडीत वागवायची कशाला? मुक्काम असेल आणि रात्री गाडी उघडी ठेवायची नसेल तेव्हाच बरोबर घेतो, आणि निघाल्यावर दहाएक किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढून बघतो, कारण गोधडी दबते आणि पट्टा सैल पडतो. परत बसवतानाही घाई नको. पॅनल जागेवर पकडणारे सगळे लॅच (खटके) लागल्याचं डोळ्यांनी बघायचं आणि मग आतून तळहाताने पॅनल वर ढकलायचं, आधी पुढून, मग मागून. जरा जरी हललं तरी गाडी सुरू करायची नाही.