ट्रॅक्टर निघण्याआधी

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीला मजूर नेणारे ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच दवाखान्यात, लग्नात नाहीतर बी-बियाण्यात संपलेली असते आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून 'एक कोयता', म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी, होऊन पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागतात. गेल्या हंगामात माझ्या वर्गातली सातवीची एक मुलगी ट्रॉलीत, भांड्यांची पोती आणि कोपीच्या (फडावरच्या झोपडीच्या) ताडपत्रीच्या मधे, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. दप्तर तिने सोबत घेतले नव्हते. मी वडिलांना थांबवले, तर ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोरीला कुणाच्या भरवशावर ठिवू?"

या प्रश्नाला शासनाकडे उत्तर आहे, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटते. पालक स्थलांतरित झाले तरी मूल गावातच आजी-आजोबांकडे राहावे, त्याला शाळेमार्फत सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळावे, यासाठी समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. परंतु गेल्या हंगामात आमच्याकडे वसतिगृहाची मंजुरी हाती पडली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि निम्मी मुले उसाच्या फडावर पोहोचली होती. थोरली मुलगी एकदा फडावर गेली की धाकट्यांना सांभाळणे, पाणी आणणे आणि भाकरी थापणे तिच्याच वाट्याला येते. मार्च-एप्रिलमध्ये ती परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू असल्याने हजेरीपटावर तिचे नाव राहते. त्या कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते, आणि नेमक्या त्याच वयात घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

वह्या आणि गणवेश वाटणाऱ्यांविषयी मला आदरच आहे. आठवीत एनएमएमएस या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या परीक्षेतून शिष्यवृत्तीसाठी निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, त्याचाही मोठा आधार होतो. पण त्या परीक्षेपर्यंत मूल वर्गात टिकले पाहिजे, आणि त्यासाठी हंगामी वसतिगृहाची यादी पोळ्याच्या सुमारास तयार होऊन दसऱ्याआधी तिथली चूल पेटलेली हवी.

यंदा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना सोबत घेऊन मी ऑगस्टपासूनच घरोघरी फिरतो आहे. त्या मुलीच्या आजीकडेही जाऊन आलो. म्हातारीला धड दिसत नाही, चुलीपाशी बसवत नाही. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, "सांजच्याला पोरीला गरम भाकर मिळंल का? मग ठिवते मी तिला." मंजुरी अजून आलेली नसल्याने तिला ठाम होकार देता आला नाही.